स्वादुपिंड काढलं, त्यातल्या पेशी वाचवल्या : अमळनेर ते हैदराबाद

६ फेब्रुवारी २०२४ रोजी हैदराबादच्या एका रुग्णालयात माझं संपूर्ण स्वादुपिंड (पॅन्क्रियास) काढलं. त्याच दिवशी त्यातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत वेगळ्या केल्या आणि माझ्याच यकृतात सोडल्या. डॉक्टर याला टीपीआयएटी (टोटल पॅन्क्रियाटेक्टॉमी विथ आयलेट ऑटोट्रान्सप्लांटेशन) म्हणतात. निर्णय घ्यायच्या आधीचे सहा महिने मी आणि हे रात्र-रात्र मोबाइलवर वाचत बसायचो. मराठीत एखाद्या पेशंटने लिहिलेलं काही मिळेल अशी आशा होती, पण आम्हाला तसं काहीच सापडलं नाही. स्वादुपिंडाच्या जुनाट सुजेच्या दुखण्याने हैराण झालेलं कुणीतरी आत्ता तसंच शोधत असेल, त्याच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, अमळनेरच्या एका पतसंस्थेत कारकून आहे. त्यामुळे औषधांचं जे लिहिलंय ते माझ्यापुरतं समजा.

दुखणं सुरू झालं २०१३च्या थंडीत. वरच्या पोटात, बरगड्यांच्या मध्ये सुरू व्हायचं आणि आरपार पाठीत जायचं. पुढे वाकून, गुडघे छातीशी घेऊन बसलं की जरा बरं वाटायचं. दोन वर्षं अॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या. तेलकट खाल्लं की हमखास उठायचं, म्हणून भरीत, शेवभाजी बंद. तरी वजन ५४वरून ४३वर आलं. २०१५मध्ये जळगावला सोनोग्राफी आणि मग सीटी स्कॅन झाला, तेव्हा कळलं की स्वादुपिंडाच्या नळीत खडे आहेत आणि नळी फुगली आहे.

रिपोर्ट बघून तिथल्या एका डॉक्टरांनी नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बाजूला घेऊन विचारलं, "मुलगी काही घेते का?" नानांनी उभ्या आयुष्यात सुपारीलासुद्धा हात लावलेला नाही. ते काही बोलले नाहीत, पण घरी येईपर्यंत बसमध्ये खिडकीबाहेरच बघत होते. हा प्रश्न पुढे मला खूप ठिकाणी विचारला गेला. म्हणून आधीच सांगते, स्वादुपिंडाला जुनाट सूज दारूने येते हे खरं, पण आपल्या देशात दारूशी काही संबंध नसलेल्या तरुण मुलामुलींना होणारा प्रकारही बराच आढळतो. त्यात खडे होतात, पुढे साखरही वाढते. अनेकांच्यात त्यामागे जनुकातला बदल असतो. माझ्या तपासणीत स्पिंक-१ नावाच्या जनुकात तो निघाला. तो कागद हातात आला तेव्हा नानांनी त्याची झेरॉक्स काढून स्वतःच्या पाकिटात ठेवली.

२०१६ ते २०२० दुर्बिणीचे उपचार झाले. आधी बाहेरून लहरींनी खडे फोडायचे, मग तोंडातून दुर्बीण घालून नळीतला चुरा काढायचा आणि प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे बारीक पोकळ नळी, ठेवायचा. स्टेंट ठरावीक महिन्यांनी बदलावा लागतो. तारीख चुकवली की तो तुंबतो आणि ताप येतो, म्हणून कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवत जा. या उपचारांनी मला दोन-अडीच वर्षं खरंच चांगली गेली. लग्न झालं, मुलगी झाली. ज्यांचं एवढ्यावर भागतं, त्यांना पुढच्या कशाची गरज नाही.

२०२१मध्ये दुखणं परत आलं, आणि या वेळी नळी मोकळी असूनही. ट्रॅमाडॉल या तीव्र वेदनाशामकाच्या गोळ्या रोजच्या झाल्या. महिन्यातले आठवडेच्या आठवडे रजा. मुलगी शाळेतून आली की आधी दाराशी उभी राहून बघायची, आई बसली आहे की झोपली आहे.

२०२२च्या अखेरीस एका सर्जननी नळी उघडून आतड्याला जोडायची शस्त्रक्रिया सुचवली. बऱ्याच जणांना तिने आराम पडतो आणि स्वादुपिंडही राहतं. आम्ही तारीखसुद्धा घेतली होती. पण माझे जुने उपचार जिथे झाले होते तिथल्या डॉक्टरांना आधी विचारू म्हणून थांबलो. त्यांनी जे सांगितलं त्यामुळे सगळंच बदललं : नळीची शस्त्रक्रिया आधी झाली आणि ती पुढे अपुरी पडली, तर नंतर स्वादुपिंड काढताना पेशी कमी हाती लागतात. माझ्या सीटीत नळी आता फुगलेली नव्हती, स्वादुपिंडाची ग्रंथीच आक्रसून कडक झाली होती. अशा ग्रंथीत नळी उघडून फार काही साधेल असं त्यांना वाटत नव्हतं.

ऑगस्ट २०२३मध्ये आम्ही हैदराबादला सविस्तर तपासणीसाठी गेलो. अमळनेरहून जळगाव, तिथून मनमाड आणि मनमाडहून रात्रीची अजिंठा एक्सप्रेस. दुखणं असेल तर खालचा बर्थ आणि गरम पाण्याचा थर्मास या दोन गोष्टींवर तडजोड करू नका.

तिथे एकाच डॉक्टरने निर्णय दिला नाही. पोटाचे डॉक्टर, सर्जन, मधुमेहाचे डॉक्टर, भूलतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ या सगळ्यांना भेटावं लागलं. तपासण्यांत सगळ्यात महत्त्वाची निघाली सी-पेप्टाइड. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा त्याच्याबरोबर सी-पेप्टाइड तयार होतं. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. त्यामुळे आपल्या पेशी किती काम करताहेत ते त्यावरून कळतं. उपाशीपोटी एकदा आणि ठरावीक पेय प्यायल्यावर पुन्हा, असं रक्त घेतात. पेशीच उरल्या नसतील तर वाचवायला काही नाही, मग नुसतं स्वादुपिंड काढणं एवढंच राहतं. माझं सी-पेप्टाइड कमी होतं पण होतं, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.१ होती. यकृताला जाणाऱ्या मोठ्या शिरेचा डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) केला, कारण पेशी त्याच शिरेतून सोडायच्या असतात आणि तिथे गुठळी असून चालत नाही.

या पेशी म्हणजे काय, ते मधुमेहाच्या डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवलं. स्वादुपिंडाचा बहुतेक भाग अन्न पचवणारा रस बनवतो. त्यात मधूनमधून, भाकरीवर लावलेल्या तिळांसारखे, पेशींचे बारीक पुंजके असतात. पाउल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९मध्ये ते पहिल्यांदा वर्णन केले, म्हणून त्यांना लँगरहॅन्सची बेटं किंवा आयलेट म्हणतात. निरोगी माणसात ती दहा लाखांच्या घरात असतात, तरी वजनाने संपूर्ण ग्रंथीच्या एक-दोन टक्केच भरतात. माझं दुखणं उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांत होतं. ते काढायचं आणि दोन टक्के राखायचे, असा सगळा बेत. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९७७मध्ये ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा झाली.

त्याच कागदावर त्यांनी एक गोल काढून त्याचे तीन भाग केले. ढोबळमानाने एक तृतीयांश लोकांना नंतर इन्सुलिन लागत नाही, एक तृतीयांश लोकांना थोडं लागतं, आणि बाकीच्यांना पूर्ण लागतं. "ही शस्त्रक्रिया दुखण्यासाठी आहे. साखरेसाठी जे करतोय ते नुकसान कमी करण्यासाठी." हे वाक्य मी त्याच कागदावर खाली लिहून घेतलं. हे वाक्य पटत नसेल तर सही करू नका, असं मी मनापासून सांगेन.

यांनी विचारलं, नाही केली तर? उत्तर मिळालं की ग्रंथी हळूहळू जळत जाईल, मधुमेह बहुधा होईलच, आणि दुखणं थांबेल की नाही याची खात्री नाही. आज पेशी आहेत, तीन वर्षांनी किती असतील ते सांगता येत नाही.

घरी सांगितलं तेव्हा माय चुलीपुढे होती. ती एवढंच म्हणाली, "इतलं सगळं काढी टाकतीन, मंग तू खाशी काय?" तिला वाटलं पोटच काढणार. तिला तोच कागद दाखवून समजावलं. मग ती दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी येसू तुन्हासंगे."

आता पैसे आणि कागद. रुग्णालयाचं अंदाजपत्रक ९ लाख ८० हजारांचं होतं. त्यात पेशी वेगळ्या करण्याच्या प्रयोगशाळेचा खर्च वेगळा दाखवला होता. आमची कुटुंबाची आरोग्य विमा पॉलिसी पाच लाखांची, २०१८पासूनची. आधीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षा मुदत संपलेली होती, हे आधीच लेखी विचारून घेतलं. विमा कंपनीशी फोनवर झालेल्या बोलण्याला किंमत नाही. सगळं ईमेलवर घ्या.

कॅशलेसचा अर्ज जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेला. पहिली शंका आली : "अवयवदात्याची कागदपत्रे व प्राधिकार समितीची परवानगी जोडावी." अर्जात 'प्रत्यारोपण' दिसल्यावर त्यांनी नेहमीची यादी पाठवली होती. इथे दाता मीच आणि घेणारीही मीच. सर्जननी पत्र दिलं : १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात प्रत्यारोपणाची व्याख्याच एका व्यक्तीकडून दुसऱ्या जिवंत व्यक्तीकडे अशी आहे, त्यामुळे स्वतःच्या पेशी स्वतःला देण्यासाठी समितीची परवानगी लागत नाही. हे पत्र तुम्ही अर्जासोबत पहिल्याच दिवशी जोडा, आठवडा वाचेल. दुसरी शंका अशी की प्रयोगशाळेचा खर्च 'प्रायोगिक उपचारात' मोडतो, म्हणून देता येणार नाही. पंचेचाळीस वर्षांहून जुन्या उपचाराला प्रायोगिक म्हटलेलं वाचून मला रडू आलं. शेवटी ३ लाख ४० हजार मंजूर झाले.

बाकीचे कसे जमवले तेही लिहिते, कारण याच जागी बरेच लोक अडकतात. सोनेतारण कर्ज मी नोकरी करते त्याच संस्थेतून घेतलं. जेठांनी दीड लाख दिले. नानांनी भाव वाढेल म्हणून घरात भरून ठेवलेला कापूस क्विंटलला सात हजारांच्या आत विकून टाकला. पुढे भाव वाढेल की नाही, ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं? त्यांनी काटा होताना एकदाही भाव विचारला नाही, असं माझा भाऊ सांगतो.

शस्त्रक्रियेत प्लीहाही (स्प्लीन) काढतात. प्लीहा गेली की काही जंतूंशी लढायची ताकद कमी होते, म्हणून न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब या लसी किमान दोन आठवडे आधी घ्याव्या लागतात. अमळनेरला त्यातली मेनिंगोकोकल लस मिळाली नाही. जळगावच्या औषध दुकानदाराने ती मागवायला पाच दिवस घेतले आणि बर्फाच्या डब्यातून यांनी ती आणली. लसी शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. जानेवारीत हैदराबादच्या नर्सने व्हिडिओ कॉलवर मला इन्सुलिन टोचायला आणि ग्लुकोमीटर वापरायला शिकवलं. आधी शिकून घेतल्याचा नंतर फार उपयोग झाला. पोटावर टाके असताना नवीन काही शिकायची ताकद नसते.

३ फेब्रुवारीला भरती. रुग्णालयाजवळ स्वयंपाकाची सोय असलेली खोली रोज ९०० रुपयांनी मिळाली. माय आणि हे तिथे राहिले. हैदराबादेत हिंदीवर सगळं निभतं. बाजरीचं पीठ मात्र घरून न्या.

६ तारखेला सकाळी सातला मला आत नेलं. पुढचं मला यांनी आणि डॉक्टरांनी सांगितलेलं आहे. स्वादुपिंडाचा रक्तपुरवठा अगदी शेवटी तोडतात, म्हणजे पेशी रक्ताविना कमीत कमी वेळ राहतात. दुपारी एकच्या सुमाराला ग्रंथी थंड द्रावणात घालून प्रयोगशाळेत गेली. तिथे नळीतून कोलॅजिनेज नावाचं एन्झाइम भरतात. ते ग्रंथीचा सांगाडा सैल करतं. मग ती पोलादी गोळ्या असलेल्या बंद पात्रात शरीराच्या तापमानाला हलवत ठेवतात आणि पुंजके सुटे होतात. माझी ग्रंथी इतकी कडक होती की हे काम लांबलं. तोवर सर्जन आतडं आणि पित्तनलिका पुन्हा जोडत होते.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी नंतर मला मायक्रोस्कोपखालचा फोटो दाखवला. पिवळसर भुऱ्या चुऱ्यात लालभडक ठिपके, काही गोल, काही तुटलेले. डायथिझोन नावाचा रंग टाकला की फक्त आयलेट लाल होतात, त्यावरून मोजतात. माझे वजनाच्या किलोमागे सुमारे २,९०० निघाले. पाच हजारांच्या वर निघाले तर इन्सुलिन सुटण्याची शक्यता चांगली असते. मी तो फोटो बराच वेळ मोठा करून बघितला. इतकी वर्षं पोटाचे जेवढे फोटो पाहिले त्यात खडे आणि डाग हेच होते. माझ्या शरीरातलं काही चांगलं फोटोत पहिल्यांदाच दिसत होतं.

संध्याकाळी पेशी एका पिशवीतून, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) मिसळून, यकृताच्या शिरेत थेंबाथेंबाने सोडल्या. शिरेतला दाब सतत मोजतात. माझा दाब वाढायला लागला तेव्हा ते थांबले आणि उरलेल्या थोड्या पेशी पोटाच्या आतल्या पडद्यात सोडल्या. रात्री आठनंतर मला अतिदक्षता विभागात आणलं. माय दिवसभर बाहेरच्या बाकावरून उठली नव्हती.

पहिला आठवडा कठीण होता आणि तो सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. पाठीत भुलीची नळी, नाकात नळी, आतड्यात अन्न देण्याची नळी. दर तासाला बोटाला टोचून साखर बघायचे आणि इन्सुलिनचा पंप त्याप्रमाणे कमी-जास्त करायचे. नव्या जागी पेशींना स्वतःच्या रक्तवाहिन्या फुटायला काही आठवडे लागतात. तोवर त्यांच्यावर भार पडू नये म्हणून साखर जवळपास सामान्य ठेवावी लागते. म्हणजे "पेशी घातल्या तरी इन्सुलिन का चालू?" असं नातेवाईक विचारतील, तेव्हा उत्तर हे आहे. प्लीहा काढल्यावर प्लेटलेट खूप वाढले, त्यासाठी अॅस्पिरिन सुरू केली. नवव्या दिवशी मी पहिल्यांदा दोन चमचे पेज खाल्ली, आणि उलटी झाली. पोट हलायला वेळ लागतो. सगळ्यांनाच लागतो असं नर्स म्हणाली, आणि तिच्या त्या वाक्याने मला खूप धीर आला.

२४ फेब्रुवारीला डिस्चार्ज मिळाला, पण मार्चच्या मध्यापर्यंत हैदराबादेतच राहावं लागलं. या मुक्कामाचा खर्च अंदाजपत्रकात नसतो. खोली, रिक्षा, तपासण्या मिळून आमचे पन्नास हजारांच्या वर गेले. परतताना रेल्वेचे धक्के नकोत म्हणून विमानाने आलो.

घरी आल्यावर खरं काम सुरू होतं. स्वादुपिंडाचा रस आता कधीच येणार नाही, म्हणून प्रत्येक घासासाठी एन्झाइमच्या कॅप्सूल. जेवायला बसल्यावर पहिली, जेवणाच्या मध्यावर दुसरी, जड जेवण असेल तर तिसरी. सगळ्या आधी गिळून टाकल्या तर उपयोग होत नाही. शौच तेलकट, तरंगणारं झालं की समजायचं, कॅप्सूल कमी पडली. महिन्याला सहा-सात हजार त्यालाच जातात. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं वेगळी. सुरुवातीचे तीन महिने दंडाला साखरेचा सेन्सर लावला, चौदा दिवसांना पाच हजारांच्या आसपास. महाग आहे, पण ज्या काळात रात्री साखर कुठे जाते याचा भरवसा नसतो तेवढा तरी लावाच.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे, त्यात लाइट जाते. इन्सुलिन फ्रिजमध्ये असलं तरी वापरातलं पेन आणि या कॅप्सूल उन्हात खराब होतात. आम्ही मातीच्या दोन मडक्यांची सोय केली. मोठ्यात ओली रेती, त्यात लहान मडकं, वर ओलं फडकं. पेन पिशवीत घालून लहान मडक्यात. ऑफिसला नेताना थर्मासचा डबा, पण बर्फाला पेन टेकू द्यायचं नाही.

दुखणं? ते लगेच गेलं नाही. इतकी वर्षं पेटलेल्या नसा एका दिवसात विझत नाहीत, शिवाय ट्रॅमाडॉलची शरीराला सवय झालेली असते. ती दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी कमी केली. घाम, जुलाब, रात्रभर पायांची तगमग. हे सगळं औषध सोडताना होतं हे आधी कुणी सांगितलं असेल तर सोसता येतं, म्हणून मी सांगते आहे. जूनच्या शेवटी शेवटची गोळी घेतली. जुलैत एका संध्याकाळी लक्षात आलं की आज दिवसभरात पोटाचा विचारच आला नाही. मी यांना दुकानात फोन केला, आणि आम्ही दोघंही काही न बोलता बराच वेळ फोन धरून बसलो.

त्याच जुलैत ऑफिसला चालत जाताना हातपाय गळाले, साखर ५२. यकृतात बसलेल्या पेशी इन्सुलिन देतात, पण साखर घसरल्यावर ती वर आणणारं ग्लुकागॉन त्या हवं तेवढं सोडत नाहीत. त्यामुळे चालायच्या आधी साखर बघणं आणि पर्समध्ये ग्लुकोजच्या गोळ्या ठेवणं कायमचं. दुसरं कायमचं म्हणजे ताप. प्लीहा नसल्याने १०१ ताप आला की वाट न बघता घरात ठेवलेलं अँटिबायोटिक सुरू करायचं आणि दवाखाना गाठायचा. "प्लीहा नाही, स्वादुपिंड नाही" असं मराठी-हिंदीत लिहिलेलं कार्ड मी लॅमिनेट करून आधार कार्डाच्या मागे ठेवलं आहे.

वर्षाच्या तपासणीत, फेब्रुवारी २०२५मध्ये, जेवणानंतरचं सी-पेप्टाइड १.१ आलं. म्हणजे पेशी रुजल्या आणि काम करताहेत, पण पूर्ण भागवत नाहीत. रात्रीचं इन्सुलिन आठ युनिट चालू आहे, सरासरी साखर ६.८. त्या गोलाच्या मधल्या भागात मी आहे. वजन ५० झालंय. कानबाईच्या सणाला माझ्या माहेरी रोट केले तेव्हा मी दोन कॅप्सूल घेऊन पोटभर जेवले.

विम्याचंही पूर्ण करते. नाकारलेल्या रकमेसाठी आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं. महिनाभरात समाधानकारक उत्तर आलं नाही, की वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. आमची सुनावणी व्हिडिओवर झाली. सर्जनचं पत्र, प्रत्येक ईमेलची प्रिंट आणि डिस्चार्ज कार्ड तारखेप्रमाणे लावून ठेवलं होतं. मार्च २०२५मध्ये आणखी १ लाख १० हजार मिळाले. ते सोनेतारणात भरले.

गावात बातमी पसरल्यापासून साखरेचे पेशंट घरी येतात. "आमच्या पोराचंही असं करता येईल का?" आमच्या गल्लीत अकरा वर्षांचा मुलगा आहे, टाइप वन मधुमेहाचा. त्याच्या आईला मी जे सांगितलं तेच इथे लिहिते. माझ्या पेशी माझ्याच होत्या, म्हणून शरीराने त्या नाकारल्या नाहीत. टाइप वनमध्ये शरीरानेच स्वतःच्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारलेल्या असतात, त्यामुळे वाचवायला त्या उरतच नाहीत. मेंदू-मृत दात्याच्या पेशी घ्याव्या लागतात आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम. कॅनडात एडमंटनला जेम्स शापिरो यांच्या गटाने २०००मध्ये सात जणांना अशा पेशी दिल्या आणि सातही जणांचं इन्सुलिन सुटलं, तेव्हापासून जगभर आशा वाढली. पण पुढच्या वर्षांत बऱ्याच जणांना पुन्हा इन्सुलिन लागलं, आणि एकाच माणसासाठी अनेकदा एकाहून जास्त दाते लागतात. अमेरिकेने जून २०२३मध्ये अशा दात्याच्या पेशींच्या उपचाराला मान्यता दिली, तीही फक्त साखर वारंवार धोकादायक घसरणाऱ्या टाइप वनच्या प्रौढांसाठी. दात्यांचा तुटवडा टाळायला आता मूळ पेशींपासून (स्टेम सेलपासून) आयलेट बनवताहेत. जून २०२५मध्ये आलेल्या निष्कर्षांत पूर्ण मात्रा मिळालेल्या बारा जणांपैकी दहा जणांना वर्षानंतर इन्सुलिन लागत नव्हतं. त्यांनाही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावीच लागतात. अकरा वर्षांच्या पोराला आज त्या औषधांपेक्षा इन्सुलिन कमी जोखमीचं आहे, असं माझ्या डॉक्टरांनीही स्पष्ट सांगितलं.

ती बाई एक जाहिरातीचा कागद घेऊन आली होती. स्टेम सेलने साखर कायमची बरी, खर्च अडीच लाख, हप्त्याची सोय. माझे हात थरथरले तो वाचून. नानांनी कापूस विकला तसं तिचा नवरा म्हैस विकायला निघाला होता. आपल्या देशात २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार मधुमेहासाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. तो फक्त परवानगी घेतलेल्या संशोधनातच देता येतो, आणि अशा संशोधनात पेशंटकडून त्या उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. कुणी असं काही सुचवलं तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियातला नोंदणी क्रमांक लेखी मागा आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर घालून बघा. तिच्या कागदावरच्या दवाखान्याला आम्ही फोन करून क्रमांक विचारला, तर त्यांनी फोन ठेवला. म्हैस गोठ्यातच आहे. त्या मुलाला मी माझा जुना ग्लुकोमीटर दिला आणि रेतीचं मडकं कसं लावायचं ते त्याच्या आईला दाखवलं.

ज्यांना जुनाट स्वादुपिंडाचं दुखणं आहे त्यांनी मात्र उशीर करू नका. सी-पेप्टाइडची तपासणी जळगावला होते, माझ्या वेळी हजाराच्या आत झाली होती. तो रिपोर्ट, आजवरचे सगळे सीटी स्कॅन सीडीसकट आणि झालेल्या प्रत्येक स्टेंटची तारीख एका फाइलमध्ये लावा, आणि नळीची कुठलीही शस्त्रक्रिया ठरवण्याआधी ती फाइल हा उपचार करणाऱ्या एखाद्या केंद्राला दाखवून घ्या.